आमच्या घरातली फितूर

पुनावळ्याच्या आमच्या सोसायटीत दोनच विंग, ए आणि बी. पाणी टँकरचं, टाकी एकच, म्हणून भांडण रोजचं. आम्ही ए. माझी पोरगी सहा वर्षांची, तिनं पार्किंगमधल्या क्रिकेटमध्ये आपल्याच विंगचा कॅप्टन आऊट आहे म्हणून सांगून टाकलं. पोरांनी तिला फितूर ठरवलं, कट्टी केली, पार्किंगभर तेच नाव झालं. रडत वर आली तर मी तिलाच झापलं, म्हणलं आपल्या माणसांत राहायचं तर आपल्या माणसांसारखं बोलायचं. मी नववी नापास, मला एवढंच कळतं.

आणि मला भ्यायला कारण होतं. समोरच्या दारातल्या काकू पोरीला सांभाळायच्या म्हणून तर मी चाकणला कंपनीत पॅकिंगला जायचे. काकू फिरल्या की नोकरी गेली.

रविवारी मीटिंग झाली, टाकी दुपारीच रिकामी का होते म्हणून. काकू उठल्या, बी विंगवाले चोरतात म्हणल्या, पटतंय त्यांनी हात वर करा. माझा सगळ्यांत आधी वर. दोन्ही केले असते, पण एका हातात पर्स होती. खरं सांगते, काकू रोज सकाळी पाईप लावून अर्धा तास गॅलरी धुतात ते मला माहीत होतं. पोरीला तर जास्तच.

तिनं माझा हात खाली ओढला. "मम्मी, पाणी तर काकूच संपवतात. पाईप मी धरते ना."

बी विंग हसली. मी म्हणलं लहान आहे, काहीही बोलते.

"काहीही नाही. गुलाबी पाईप."

पोरांची कट्टी संध्याकाळीच सुटली, फिल्डिंगला माणूस कमी होतं. बायका मात्र लिफ्टमध्ये माझ्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या, आणि आमच्या लिफ्टमध्ये पाठ करायलासुद्धा जागा नाही.

सोमवारी बसची वेळ झाली तरी काकूंचं दार वाजवायला माझा हात उचलेना. पोरीनंच वाजवलं. काकूंनी तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं नाही.

"काय गं फितूर, दूध पिलंस?"

"नाही."

"ये आत." मग भिंतीकडं बघून मला म्हणाल्या, "तू जा, बस जाईल."

मी दोन पायऱ्या उतरले तोच आतून पोरीचा आवाज. काकू, पाईप कुठंय? मी कठडाच धरला.

"आज बादली," काकू म्हणाल्या.