बार्शीटाकळीच्या पोराची चौकशी

शनिवारी आम्ही नवरा-बायको अमरावतीहून अकोल्याला जातो. जठारपेठेत नणंदेकडे जेवतो आणि उन्हं कलली की स्टँडवर जाऊन पत्रकं वाटतो. छोटं, चार पानांचं पत्रक असतं. वर उगवत्या सूर्याचं चित्र आणि आत येशूविषयी दोन शब्द. कोणी विचारतं, कोणाचा सेल लागला? कोणी घेतं, वरचं वाचतं आणि परत आणून देतं. माझे मिस्टर ड्रॉइंगचे शिक्षक होते. त्यांनी स्वतःला काही नियम घालून घेतलेत. लहान मुलांना द्यायचं नाही, देवळासमोर उभं राहायचं नाही, आणि कोणी नको म्हटलं की हात मागे घ्यायचा. तरी अलीकडे कोणी मोबाइल वर धरला की मी आधी तिकडे बघते. व्हिडिओ कुठे जाईल, त्याच्यावर काय लिहिलं जाईल, सांगता येत नाही.

एका शनिवारी एका माणसाने आमचा फोटो काढला, ते मी पाहिलं. रसवंतीच्या आडोशाने उभा होता. पन्नाशी उलटलेला, खांद्यावर दुपट्टा, पायात बऱ्यापैकी चपला. मग जवळ आला आणि पत्रक मागून घेतलं. वाचलं मात्र नाही. उलटं करून मागचा शिक्का पाहिला आणि विचारलं, "हे अमरावतीचं हाय. परतवाड्याचंही असते का तुमच्याजवळ?"

मिस्टर म्हणाले, नाही. त्याने ते घडी करून खिशात घातलं आणि निघून गेला.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. आम्ही कुठे राहतो, रविवारी किती लोक जमतात, बाहेरगावची पोरं राहायला असतात का, असं एकेक विचारत राहिला. नणंदेने ऐकल्यावर सरळ सांगितलं की हा धर्मांतराचा पुरावा गोळा करतोय, दोन-तीन महिने येऊच नका. मलाही तसंच वाटत होतं. मिस्टरांना वाटत नव्हतं, पण परतीच्या बसमध्ये तेसुद्धा सारखे मागे वळून पाहत होते.

तिसऱ्या वेळी मीच त्याला अडवलं. काय पाहिजे ते एकदाचं सांगून टाका, म्हटलं.

त्याने खिशातून आमचंच घडी केलेलं पत्रक काढून पुढे धरलं. मग म्हणाला, "माह्या पोराले तुमी लोकायनं कुठं ठेवलं?"

बाकड्यावर बसून त्याने सगळं सांगितलं. बार्शीटाकळीकडची त्यांची शेती, एकुलता मुलगा, बी.ए. झालेला. एका सकाळी कपड्यांची बॅग घेऊन गेला आणि फोन बंद. आईने त्याच्या खोलीतली गादी उचलली तर खाली असंच पत्रक सापडलं, परतवाड्याच्या प्रार्थनागृहाचा शिक्का असलेलं. त्यावरच्या नंबरला बापाने फोन लावला होता. बोलताना आवाज चढला, तशी पलीकडच्या माणसाने फोन ठेवला आणि पुन्हा उचललाच नाही. "चोरी नसती तं फोन काहून ठेवला असता?" तो म्हणाला.

त्याने मोबाइलमध्ये मुलाचा फोटो दाखवला. कोणाच्या तरी लग्नात गॉगल लावून हसणारा मुलगा. मी फोटोकडे पाहत होते तरी मनात शंका होतीच. मुलगा खरा असेल, पण गोष्ट कशावरून खरी? आमच्याकडून परतवाड्याच्या लोकांपर्यंत पोचायचा हा डाव तर नसेल?

त्याच्याकडून तो नंबर घेऊन मिस्टर बाजूला गेले आणि त्यांनी परतवाड्याला फोन लावला. तिथले पास्टर त्यांना ओळखत नव्हते. त्यांनी आधी यांचीच परीक्षा घेतली. कोणतं चर्च, लग्न कोणी लावलं, अमरावतीत कोणाला ओळखता. खात्री पटल्यावर मग हळूहळू सांगितलं. मुलगा मित्रांबरोबर चिखलदऱ्याला गेला होता तेव्हा परतवाड्याच्या स्टँडवर त्याला पत्रक मिळालं होतं. घर सोडलं तेव्हा त्या भागात ओळखीचं कोणी नव्हतं, म्हणून त्यानेच त्या नंबरवर फोन करून कामाचं विचारलं. पास्टरांनी चिखलदऱ्याच्या एका हॉटेलात त्याची सोय लावून दिली. घरच्यांनी ठरवलेलं लग्न त्याला करायचं नव्हतं, एवढीच भानगड होती. प्रार्थनेला तो एकदाही आला नव्हता. रविवारी हॉटेलात सगळ्यात जास्त गर्दी असते.

आता हे बापाला कसं सांगायचं? पास्टरांचं म्हणणं होतं, मुलाला विचारल्याशिवाय पत्ता द्यायचा नाही. मिस्टरांनी बापाला एवढंच सांगितलं की मुलगा सुखरूप आहे आणि तो स्वतः फोन करेल.

"म्हणजे तुमाले माहीत होतं," तो शांतपणे म्हणाला.

आत्ताच कळलं, असं आम्ही दोघांनी परोपरीने सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याची नजर मिस्टरांच्या हातातल्या फोनवर होती. एका फोनमध्ये ज्याचा पत्ता लागतो त्याची आपल्याला माहिती नव्हती म्हणणारा माणूस, मलाही खरा वाटला नसता.

दोन दिवसांनी मुलाने घरी फोन केला. हे आम्हाला कळलं ते पुढच्या शनिवारी, कारण बाप बायकोला घेऊन स्टँडवर आला होता. ती दोघं चिखलदऱ्याला निघाली होती. बायको माझ्याशी वेगळं बोलायचं म्हणाली. आम्ही नळापाशी गेलो. तिने पदर तोंडाजवळ धरून विचारलं, "त्याले पाण्यात बुडवलं का, बाई?"

मी म्हटलं, नाही. बाप्तिस्मा झालेला नाही, तो कधी प्रार्थनेलाही गेला नाही.

"लेकराची शपथ घ्या."

मी अडखळले. शपथ वाहायची नाही, होय तर होय आणि नाही तर नाही एवढंच बोलायचं, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. घेतली असती तर त्या बाईचा जीव तरी थंड झाला असता, असं तेव्हाही वाटलं. पण मी घेतली नाही. "आमच्यात शपथ घेत नाईत," मी म्हटलं. "पण नाई म्हणजे नाई."

तिच्या दृष्टीने शपथ नाकारणं हेच माझं उत्तर होतं. ती नवऱ्याकडे गेली आणि दोघं परतवाड्याच्या गाडीत चढली.

पुढचं पास्टरांकडून कळलं. भेट झाली, आई खूप रडली. लग्न मोडलं. मुलगा दिवाळीला घरी जाऊन आला, पण नोकरी त्याने सोडली नाही. आम्ही अजून अकोल्याला जातो. स्टँडवरचा एक चहावाला मात्र आता आमच्याकडून पत्रक घेत नाही. पोरं पळवणारे हेच, असं त्याला कोणी तरी सांगितलंय.

मागच्या महिन्यात बार्शीटाकळीची गाडी सुटता सुटता खिडकीतून मला कोणी हाक मारली. तीच, त्या मुलाची आई होती. मी जवळ गेले. पोरगं बरं आहे, तब्येत सुधारली, असं तिने आपणहून सांगितलं. मला बरं वाटलं. मग ती खिडकीच्या गजाशी वाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आता तं सारं निपटलं. आता तरी खरं सांगा, बाई."

मी तेच सांगितलं, नाई म्हणजे नाई. कंडक्टरने घंटी मारली.