अप्पांचा कावळा आणि सुरयाची अंडी

अप्पांच्या पिंडाला कावळा शिवला नाही. दहाव्याला रामकुंडावर आम्ही ऊन डोक्यावर येईपर्यंत थांबलो. कावळे नव्हते असं नाही. शेजारच्या पिंडावर तुटून पडत होते, आमच्याकडे मात्र ढुंकून बघत नव्हते. काकांनी हात जोडून सगळं कबूल केलं. वहिनीला अंतर देणार नाही, गावच्या घराचं छप्पर नीट करू, पोरीचं लग्न लावू. शेवटी मी पुढे झाले. "अप्पा, समुद्रावरचे सुरय पक्षी बघायचे राहिले ना तुमचे? मी जाऊन येते." तरी नाही. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि पुढच्या मंडळींना बोलावलं.

आईनं तो कावळा मानलाच नाही. "गवताला काय कळतंय माणसाचं," म्हणाली आणि त्या दिवसापासून एकवेळच, रात्रीचं, जेवू लागली. खरा कावळा शिवेपर्यंत हे असंच चालणार होतं. रोज सकाळी ती गच्चीवर पान ठेवायची आणि कबुतरं येऊन ते फस्त करायची. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी शाळेत विज्ञान शिकवते. तिला समजावून, रागावून, शेवटी पाया पडून झालं. ती ऐकेना.

अप्पा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते. रविवारी स्कूटरवर मागे बसवून मला नांदूरमधमेश्वरला न्यायचे आणि नदीवरचे सुरय दाखवायचे. पांढरंशुभ्र अंग, डोक्यावर काळी टोपी, पाण्यावर बाणासारखी उडी. समुद्रकाठी याहून चिमुकले सुरय असतात, ते एकदा बघू, असं ते म्हणत राहिले. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर गेले. तिथं लहान सुरयांच्या घरट्यांची राखण करायला स्वयंसेवक घेतात. घरटं म्हणजे गोट्यांमधला नुसता खळगा, आणि अंडीही गोट्यांसारखीच. काम काय, तर कावळे हाकलायचे. पहिल्या दिवशी हे ऐकून मला हसू आवरेना. काय झालं म्हणून सगळे विचारायला लागले, पण त्यांना कुठून सांगायला सुरुवात करणार?

तिथला कावळा अंगानं राखाडी, डोक्यानं काळा, थेट आपल्या गावकावळ्याचा थोरला भाऊ. मी टाळ्या वाजवत त्याच्या मागे धावायचे, मराठीत शिव्या घालायचे. कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही म्हणतात, माझ्या शापानं कावळाही मरत नव्हता.

मग एका वादळात भरतीचं पाणी वर चढलं आणि सगळी घरटी वाहून गेली. एकाच जोडीनं थोडं उंचावर पुन्हा दोन अंडी घातली. आमच्या प्रमुख बाईंनी बजावलं, किनाऱ्यावर कुणी डबा उघडायचा नाही, एकदा खायला मिळालं की कावळा तिथून हलत नाही. त्या दोन अंड्यांवर आमचा सगळ्यांचा जीव टांगला होता.

अप्पांच्या महिन्याच्या तिथीला सकाळीच आईचा फोन आला. आवाज पार खोल गेला होता.

"तिकडं कावळे हायेत ना गं?"

"आहेत."

"मग आज तिथं पान ठेव. इथं काय तो येत नाय. तिकडं तुझ्यामागं गेला असंल."

मी दहीभात केला, डब्यात भरला आणि राखणीच्या पाळीवर गेले. कुठे ठेवायचा, ठरवलं नव्हतं. थोड्या वेळानं कावळा आला आणि घरट्याभोवतीच्या कुंपणाच्या खांबावर बसला. घरट्याकडे नाही, माझ्या डब्याकडे बघत. मग खाली उतरून चालत चालत जवळ आला. नुसतं झाकण काढायचं होतं. रामकुंडावर हात जोडून जे मिळालं नाही, ते समोर उभं होतं. माझ्या तोंडून "अप्पा?" निघून गेलं. तेवढ्यात डोक्यावर सुरयाची मादी कळवळून ओरडायला लागली, आणि मी उठले. हाड, हाड करत, टाळ्या वाजवत त्याच्यामागे धावले. तो लांब टेकडीपार दिसेनासा झाल्यावर गोट्यांवर बसून मोठ्यानं रडले. ते अप्पा असतील तर मी त्यांना हाकललं होतं. नसतील तर कुठेच कुणी नव्हतं. दहीभात मी राखणदारांच्या खोपटाचं दार लावून शितन् शीत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी गेले तर खळगा रिकामा. दाट धुकं होतं, काही दिसलंच नाही, असं पहाटेच्या पाळीवरचा माणूस खाली मान घालून सांगत होता. गोट्यांना पिवळा बलक लागला होता. मादी परत येऊन त्या रिकाम्या खळग्यावर बसली, पोटाखाली काही आहे असं समजून पिसं सारखी केली. मला तिच्याकडे बघवेना.

फोन वाजला. नाशकात दुपार झाली होती.

"शिवला का गं?"

मी खळग्याकडे पाहिलं. "हो आई. शिवला."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "काय खाल्लं त्यांनी?"

"दहीभात."

"सगळा?"

"सगळा."

"मग मी पण बसते आता जेवायला," आई म्हणाली, आणि ताट मांडल्याचा आवाज मला इतक्या लांब ऐकू आला.