न टाकलेला टॉवेल

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेहकरच्या बसस्टँडसमोर केळी घेत होतो. सकाळचे दहा वाजले असतील. "भावजी, ते गेले," शीलावहिनी म्हणाल्या, "चहा ठेवला आन् उठवाले गेली, तं उठलेच नाई." खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला रडू आलं नाही. गेली कित्येक वर्षं ज्या फोनची धास्ती घेऊन बसलो होतो तो एकदाचा आला, एवढंच वाटलं... आणि मग स्वतःचीच किळस आली. आता सव्वा महिना झाला. गावातली नवी पोरं विचारतात, "काका, कोण भास्कर?" आणि ज्यांनी त्याला उघड्या जीपमधून गावभर मिरवलं ती मोठी माणसं म्हणतात, "तो का, दारूत गेला ना तो?" म्हणून रविवारच्या पुरवणीसाठी हे लिहायला बसलो आहे. भास्करने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता.

आमची ओळख कॉलेजातली. तिथल्या खेळाच्या सरांना बॉक्सिंगचं वेड होतं आणि त्यांच्याकडे ग्लोव्हजचे मोजून दोन जोड होते. भास्कर आडदांड, पंच्याण्णव किलोचा. मी अठ्ठेचाळीसचा, भिजलो तर पन्नास. पहिल्या तीन लढतींत माझं नाक तीनदा फुटलं, तेव्हा सर म्हणाले, "मधुकर, तू भास्करच्या कोपऱ्यात उभा राहा." कोपऱ्यातल्या माणसाचं काम सोपं दिसतं. फेरी संपली की आपल्या खेळाडूला पाणी द्यायचं, तोंड पुसायचं, दोन शब्द सांगायचे. पण त्याच्या खांद्यावर एक टॉवेल असतो. आपला माणूस आता नुसता मार खातो आहे असं वाटलं, तर तो रिंगमध्ये टाकायचा. टॉवेल पडला की हार कबूल, लढत बंद. सर म्हणाले होते, "कधी थांबायचं हे लढणाऱ्याला कळत नाही. ते तुला कळलं पाहिजे." मी मान डोलावली. त्या वयात मान डोलवायला काय लागतं.

भास्कर सलग सहा वर्षं जिल्ह्याचा हेवीवेट चॅम्पियन होता. आमच्या भागात त्या वजनाचा बॉक्सर मिळायचाच नाही, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. सोनाळ्याचा एक तगडा गडी यायचा. त्याला भास्करने एकदा असा धुतला की पुढच्या वर्षी त्याने नाव दिलं आणि ऐनवेळी आलाच नाही. समोर कोणी नसलं की पंच भास्करचा हात वर करत, झाला चॅम्पियन. सहापैकी चार वर्षं असंच झालं. गाव म्हणायचं, "त्याच्या भेवानं कोणी येतच नाई बे." मग जीप, गुलाल, फेटा. आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात हनुमान जयंतीला जन्म झाला की पहिला नारळ गल्लीतल्या सगळ्यात जोरकस माणसाने फोडायचा, अशी जुनी रीत. तो मान भास्करचा. आंघोळ करून, पांढरंशुभ्र धोतर नेसून तो यायचा, लोक बाजूला सरून वाट द्यायचे, आणि एका दणक्यात नारळाची दोन शकलं. म्हातारी माणसंसुद्धा ती शकलं कपाळाला लावायची.

मग एका हिवाळ्यात मेहकरलाच सामने भरले. परजिल्ह्यातून एक पोरगा आला, भास्करपेक्षा सात-आठ वर्षांनी लहान, गप्प, हसरा. पहिली फेरी बरोबरीची गेली. दुसऱ्या फेरीत त्याचा डावा ठोसा भास्करच्या जबड्यावर बसला आणि सहा वर्षांत कधी खाली न पडलेला माणूस आडवा झाला. पंचाने सात म्हणेपर्यंत तो उठला. गाव ओरडत होतं. पण मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं, ते माझ्याकडे वळले होते आणि मला पाहत नव्हते. पुढे दोन ठोसे बसले आणि मी टॉवेल टाकला. तो माझ्याकडे आला, तोंडातून रक्त, आणि हळू आवाजात एवढंच म्हणाला, "काऊन टाकला बे?"

पहिले आठ दिवस लोकांनी माझ्यावर तोंडसुख घेतलं. मध्याने घाई केली, भास्कर उभा होता, वगैरे. मला ते चाललं असतं. पण नंतर बोलणं हळूहळू त्याच्याकडे वळलं. कालपर्यंत त्याच्या भीतीने कोणी येत नव्हतं, आता चहाच्या टपरीवर म्हणू लागले, "अरे, त्याले कोणी भेटलाच नव्हता. भेटला तसा पडला." चार रिकाम्या लढती त्याच, वर्षं तीच, फक्त वाचायची बाजू बदलली. सोनाळ्याच्या त्या गड्याला त्याने खरोखर हरवलं होतं, तेही लोक विसरले. कमी वजनाची पोरं आज हरतात, उद्या जिंकतात, कोणी हिशेब ठेवत नाही. मोठ्या वजनाचा माणूस पडला की मात्र जमिनीला आवाज होतो, आणि तो आवाज लोकांना आवडतो असं माझं मत झालं आहे. टीव्हीवर परदेशातल्या चॅम्पियनांचं पाहा, तेच. भास्कर ते सामने बघायचा आणि हरलेल्याच्या मुलाखतीला आवाज मोठा करायचा.

त्या चैत्रात हनुमान जयंतीला तो नेहमीसारखा पांढरं धोतर नेसून आला. जन्म झाला, घंटा वाजल्या, आणि पुजाऱ्याने नारळ एका लाकडाच्या वखारवाल्याच्या हातात दिला. कोणी भास्करला काही बोललं नाही, कोणी हसलं नाही. तो पुढे केलेला हात मागे घ्यायलाही विसरला. मी शेजारी होतो. त्याचा तो हात तसाच हवेत राहिलेला मी पाहिला आणि मला त्या देवळात एकदम भीती वाटली. घरी जाताना म्हणाला, "मध्या, एक लढत. त्याच पोरासंगं."

लढत ठरली ती आश्विनात, देऊळगाव राजाला, बालाजीच्या यात्रेत. तोवरचे सहा महिने मी जे पाहिलं ते मला आजही सुचू देत नाही. तो चहात दोनदा साखर घालायचा. पाणी ओतताना पेल्याच्या बाहेर ओतायचा आणि सांडलेलं त्याला दिसायचं नाही. सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावायचा. शीलावहिनींनी मला विचारलं, "भावजी, याइचं डोकं दुखते रोज. तुमी सांगून पाहा ना." मी म्हणालो, सांगतो. त्याला डॉक्टरकडे चल म्हणालो, तर म्हणाला, "तुले बी वाटते मी संपलो?" मला सगळं दिसत होतं, आणि मी गप्प बसलो.

देऊळगाव राजाला जाताना बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. बाहेर सोयाबीन काढणी चालू होती. तो म्हणाला, "टॉवेल खांद्यावर ठेव. लोकाइले दिसू दे. पण टाकजो नको." मी म्हणालो, "आन् तुले काही झालं तं?" तो म्हणाला, "मले जे व्हाचं ते झालं. सारं गाव गेलं सोडून. तू एकटा राह्यला. तू बी टाकला तं माहं काय राह्यलं?" त्याने माझा हात धरला. मी शब्द दिला.

तीन फेऱ्या झाल्या. त्या मी सांगणार नाही. दुसऱ्या फेरीनंतर तो कोपऱ्यात आला तेव्हा मला म्हणाला, "कितवी झाली?" माझा हात टॉवेलपर्यंत गेला... आणि त्याने पाहिलं. नुसतं पाहिलं. मी हात खाली घेतला. तिसरी फेरी त्याने उभ्याने काढली, गुणांवर हरला, यात्रेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या डाव्या कानातून रक्त येत होतं. परतीच्या बसमध्ये तो खुशीत होता. "पाह्यलं, पडलो नाई," असं तो दर दहा मिनिटांनी म्हणत होता, आधी म्हटलेलं आठवत नसल्यासारखा.

पुढची वर्षं म्हणजे त्याचं बोलणं जड होत जाणं आणि चालणं वाकडं होत जाणं. लोकांनी आपल्या सोयीचा अर्थ काढला. हरल्यापासून पितो, म्हणाले. मी दोनदा भांडलो, एकदा हातघाईवर आलो, मग दमलो. आयुष्यभर दूध प्यालेला माणूस दारुडा ठरला आणि मी ऐकून पुढे जायला लागलो. गेल्या होळीनंतर भेटलो तेव्हा मला ओळखायला त्याला वेळ लागला. ओळखल्यावर म्हणाला, "मध्या, आपली लढत कधी हाये?" मी म्हणालो, "झाली रे." तो घाबरून म्हणाला, "टाकला तं नाई ना तू?" मी म्हणालो, नाही. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते पाहून मी लवकरच निरोप घेतला. ती शेवटची भेट.

परवा वहिनींकडे गेलो होतो. मनाशी ठरवून गेलो होतो की आज बोलायचं. वहिनींनी चहा आणला आणि ओट्यावरची एक खुर्ची पदराने पुसली. साधी प्लास्टिकची, निळी. "याच्यावर त्याइनं कोणाले बसू देलं नाई," त्या म्हणाल्या. "जावई आले तरी उठवाचे. म्हणत, मध्याची हाये. शेवटच्या सालात माहं नाव इसरले, पोरीचं इसरले. पण येईन त्याले सांगत, सारं गाव म्हणे मी पडीन, एकट्या मध्याले भरवसा होता, त्यानं टॉवेल टाकला नाई." मग त्या म्हणाल्या, "बसा भावजी."

उभ्या उभ्याच चहा घेतला आणि निघालो. तो भरवसा नव्हता, वहिनी. तो पडेल असंच मलाही वाटत होतं, आणि त्याला कायमचं काहीतरी होणार हे मला त्या बसमध्येच कळलं होतं. तो माझ्यावर रागावेल, आमची दोस्ती जाईल, याची मला भीती वाटली, म्हणून माझा हात खाली आला. तुम्ही रविवारची पुरवणी वाचता हे मला माहीत आहे. वाचून झालं की ती खुर्ची दुसऱ्या कोणालाही द्या.