हात वर

वसमतहून निघालेल्या एसटीत शेजारी हळदीच्या आडतीवरचा एक हमाल होता. बधिर उजव्या हाताची मूठ तो सारखी उघडमीट करत होता. आमच्याकडच्या धन्वंतरींपैकी एकाला त्यात गॅस दिसला, दुसऱ्याला मणका, तिसऱ्याला दारू. हा तर चहासुद्धा पीत नव्हता. शेवटी नांदेडच्या डॉक्टरांनी मनगट धरून हात डोक्यावर नेला, तशी नाडीच गायब! मानेच्या बुडाशी हाडांच्या फटीत शीर दबत होती. नाव मात्र भारदस्त: थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम.

"आजवर समद्या डॉक्टरांनी आपलेच हात वर केले," तो म्हणाला. "यायनं पयल्यांदा माझा केला."

"मग आता?"

"वझं उचलू नको म्हणले. मंग खाऊ काय, इचारलं, तर यायनंबी आपलेच वर केले."