माझ्या जागेवरचा खांदा

हिरड्याचं पोतं डोक्यावर घेऊन मी डोंगर उतरायला निघालो, तेव्हा आई उंबऱ्यात उभी होती. "मिरगाच्या आत ये रं," एवढंच म्हणाली. मी "व्हय" म्हणालो. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. हिरडा बाजारात घालून येतो म्हणून निघालो आणि त्या पावसाळ्यात परत गेलोच नाही. पोत्यात हिरड्याखाली माझे दोन सदरे होते. वाडीतल्या माणसांनो, हे तुम्हाला आज सांगतोय.

कोयनेकडच्या डोंगरात आपली अकरा घरं. दुसरी वाडी दोन तासांच्या चालीवर. उतारावर नाचणी-वरी, रानात हिरडा, चार म्हशी. बाकी भिस्त मुंबईच्या मनीऑर्डरीवर. पावसाळ्यात कुणी आजारी पडलं, की बांबूला घोंगडं बांधून डोली करायची आणि खाली सडकेला न्यायची. म्हणून मिरगापासून नवरात्रापर्यंत खांदा देणाऱ्या गड्यानं वाडी सोडायची नाही, असा रिवाज. गडी आपण पाच. चार डोलीला, एक बदलीला.

मला मात्र सपाट जमिनीवर चालायचं होतं. पलूसला नदीचं पाणी उचलणाऱ्या पंपावर नोकरी लागली. बटण दाबलं की पाणी उसात. शिफ्ट, ओव्हरटाइम, कॉलनीत खोली. आईला लिहिलं, "रजा मिळत नाही." खरं तर रजा मी मागितलीच नव्हती.

त्या श्रावणात शेजारची सरू अडली. उरलेल्या चौघांतला एक तापानं पडलेला. माझ्या जागेवर आई उभी राहिली. निसरड्या उतारावरून तिनं सडकेपर्यंत डोली नेली. सरूला मुलगी झाली, दोघी वाचल्या. आईचा उजवा हात मात्र त्यानंतर खांद्याच्या वर गेला नाही.

दिवाळीला गेलो तेव्हा डोलीचे म्होरके भैरूनाना म्हणाले, "तुजी आई लय तगडी निघाली, गड्या. तुज्यापरास बरी!" सगळे हसले. मीही हसलो. पुढं लग्न झाल्यावर बायकोला सांगितलं, आई पाणवठ्यावर पडली होती.

आईनं कधी विषय काढला नाही. डाव्या हातानं वेणी घालायची. पलूसला चल म्हटलं, तर म्हणायची, "तितं कुणाला कुणाचा खांदा लागत न्हाई. म्या काय करू?"

पुढं एका आषाढात तीच आजारी पडली. मी वर गेलो. डोली बांधली आणि पुढच्या उजव्या बाजूला उभा राहिलो.

"ऱ्हाऊ दे, पंपवाल्या," नाना म्हणाले, "हितं बटण न्हाई."

घोंगड्यातून आईचा आवाज आला, "लागू द्या त्याला, नाना. त्येचीच जागा हाय ती. म्या नुसती राखली हुती."

खिंडीपर्यंत खांद्याची साल निघाली. मी बदली मागितली नाही.

आई त्या खेपेला बरी झाली. आता ती नाही. पलूसला माझं घर आहे, दारात नळ आहे, मुलं तिथलीच झाली. तरी मिरग लागला की रजेचा अर्ज टाकतो. साहेब विचारतात, वर आता कोण आहे तुमचं?

वर गडी तीनच उरलेत. मला धरून चार.