पोत्याला कान लावणारी नीराबाई

चौलच्या बाजारात त्या काळी एक गोष्ट फार हळू आवाजात सांगितली जायची, आणि सांगणारी बाई आधी मागे-पुढे बघून घ्यायची. नीराबाईचा बुडालेला नवरा शिवदास शेटच्या तांदळाच्या पोत्यात आहे, आणि ती रोज सकाळी पोत्याला कान लावून त्याचं बोलणं ऐकते.

अशा गोष्टीला थोडा तरी पुरावा लागतोच, आणि तो गावाने खाल्लेला होता. नीराबाईचा नवरा सदा मचव्यावर खलाशी. स्वातंत्र्य मिळाल्याच्या दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर तुफान झालं, त्यात शेटचा तांदूळ घेऊन पनवेलहून येणारा मचवा खांदेरी बेटाच्या पलीकडे उलटला. पाचांपैकी चौघं पोहून किनाऱ्याला लागले. सदा लागला नाही. फुटका मचवा दोन दिवसांनी थळच्या वाळूत आला, आणि त्याच्या पोटात सात पोती अडकलेली मिळाली. शेटने ती वाळवली आणि स्वस्तात विकली. अर्ध्या गावाने त्या तांदळाचा भात केला, किंचित खारट लागतो म्हणत दोनदा वाढून घेतला, आणि पुढे सदाची गोष्ट सगळ्यात रंगवून सांगितली तीही याच मंडळींनी.

नीराबाई शेटच्या दुकानात आधीपासूनच कामाला होती. धान्य पाखडायचं, निवडायचं, चाळायचं. दिवसाचं पहिलं काम मात्र सुपाशी नसे, कानाशी असे. सकाळी दुकान उघडलं की ती मागच्या अंधाऱ्या कोठारात जायची, एकेका पोत्यासमोर उकिडवी बसायची आणि गोणपाटाला कान लावायची. मग बाहेर येऊन शेटला सांगायची, “तिसरा उन्हात घाला.” किंवा, “कोपऱ्यातला अजून आठ दिस थांबंल.” शेट मान डोलवायचा. गिऱ्हाईक पाहायचं आणि पुडी घेऊन जरा लगबगीने पायऱ्या उतरायचं.

त्यात एकदा शेजारची मैना हिंग मागायला आली असता तिला कोठाराचं दार उघडं दिसलं. आत नीराबाई पोत्याला कान लावून बसलेली, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि हात पोत्यावरून फिरतोय. मैना हिंग विसरली. घरी पोचेपर्यंत तिला वाटेत सात बायका भेटल्या, आणि मैना कुणाला उपाशी ठेवणारी बाई नव्हे.

गोष्ट सात वर्षं मुरली. मग लोक शेटकडून डाळ घ्यायचे, गूळ घ्यायचे, तांदूळ मात्र दुसरीकडून. शेवटी शेट एके दिवशी हात जोडून आपल्या गुजराती-मराठीत म्हणाला, “नीराबेन, तू मारी बहेन जेवी. पण मारा तांदूळ कोण खाये?” नीराबाईने सूप भिंतीला टेकवलं आणि ती निघाली. भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती गिऱ्हाईक झाली.

आणि नोकरी सुटलेली बाई गिऱ्हाईक झाली म्हणजे दुकानदाराने काय भोगायचं असतं, ते चौलच्या तिन्ही वाण्यांना विचारा! वरचा थर देऊ लागले की ही म्हणणार, “आता हात खाली घाला.” पोतं पालथं केलं तर खाली कणी निघते हे तिला ठाऊक, कारण वर चांगला तांदूळ नऊ वर्षं तिनेच रचलेला. बंदराच्या वाटेवर चंदरचं दुकान होतं. तिथे ती गुळाचा खडा जिभेवर ठेवून म्हणायची, “चंदर, रॉकेलचा डबा गुळाजवळनं उचल रं बाबा. चहा पेटंल.” शिवदास शेटकडे पाऊल टाकत नव्हती, पण मिरची त्याचीच चांगली, हे चंदरच्याच दुकानात उभं राहून मोठ्याने सांगायची.

तिसरं दुकान अंबाजीचं. साठ साली नाक्यावर नवं उघडलेलं. काचेच्या बरण्या, भिंतीला चुना, किलोची नवी चकचकीत वजनं. अंबाजी पांढरीशुभ्र टोपी घालून बसे आणि पुडीला दोऱ्याची गाठ अशी मारी, की सोडताना गिऱ्हाइकाला वाईट वाटावं. सगळा गाव तिकडे वळला. नीराबाईही गेली.

पहिल्या श्रावणात तिला काही वाटलं नाही. दुसऱ्या श्रावणात मात्र ती दुकानात शिरली आणि थबकली. बाहेर पाऊस धरलेला, हवा ओलीचिंब, चंदरच्या गुळावर मुंग्यांची जत्रा लागलेली. इथे गुळाची ढेप उघडी होती आणि तिच्यावर मुंगी नव्हती. तिने वर पाहिलं. आढ्याला पाल नव्हती. कोळ्याचं जाळं होतं, पण त्यात कोळी नव्हता. तराजूवर माशी बसली नाही. माशा हाकायला दिवसभर चालणारा अंबाजीचा पंचा खुंटीला टांगलेला होता.

“काय बघतेस, नीराबाय?” अंबाजी हसला. “साफसूफ हाय ना दुकान?”

“साफ हाय,” ती म्हणाली. “लई साफ हाय.”

तिने तांदळाच्या पोत्याला कान लावला. दुकानातलं गिऱ्हाईक मागे सरकलं. नऊ वर्षांत तिने पोती ऐकली होती. काही कुजबुजणारी, काही नुसती खसखसणारी. श्रावणातलं पोतं कधी गप्प नसतं. हे गप्प होतं. विहिरीत दगड टाकावा आणि तो खाली पोचल्याचा आवाजच येऊ नये, तसं. काही न घेता ती घरी गेली, आणि गावात सांज व्हायच्या आत बातमी झाली की सदाने पोतं बदललं, आता तो अंबाजीकडे आहे.

हसण्यावारी गेलं असतं, पण नेमकी त्याच पंधरवड्यात तिची लेक तुळशी बाळंतपणाला माहेरी होती. पहिला मुलगा झाला. बाराव्या दिवशी बारसं. तुळशीची सासू येसूबाई थळची, मानाची आणि तोंडाची. तिने आदल्या दिवशी सकाळीच जेवणाचा तांदूळ पाठवला, मागोमाग स्वतः आली. सबंध पोतं, इथल्याच अंबाजीच्या दुकानातून घेतलेलं.

नीराबाईने पोतं ओटीवर उतरवून घेतलं, हळदकुंकू लावलं, आणि हात जायचा तिकडे गेलाच. कान लावला. आत कुणी नव्हतं.

“विहीणबाय,” ती हळूच म्हणाली, “हा तांदूल नको रांधायला.”

येसूबाईचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. “का? तुमचा घरवाला हाय काय त्याच्यात? आम्ही आनलेला तांदूल तुम्ही उंबऱ्यावरनं परत धाडनार? मग ऐका. हा भात शिजला न्हाय, तर माझा पोरगा तुळशीला न्यायला येनार न्हाय. नातू आमचा हाय, त्यो आम्ही नेऊ. लेक तुमची, ती तुम्ही ठेवा.”

तुळशी आतून बाळाला घेऊन दारात आली आणि आईकडे बघत उभी राहिली. आईने फक्त पोत्यावरचा कान काढायचा नि पोतं चुलीकडे न्यायचं होतं, एवढंच.

नीराबाईने पावसासाठी डोईवर इरलं घेतलं आणि पाच वर्षांनी शिवदास शेटच्या पायऱ्या चढली.

“शेट, किडका तांदूल द्या. सगल्यात किडका हाय तो.”

शेटने चष्मा वर केला. “सगळा गाव चांगला मागे, ने तने सडेला जोईए? किडका?” पण त्याने कोठाराकडे हात केला. ती आत गेली, तिने नेहमीसारखी पोती ऐकली, आणि सगळ्यात जास्त कोलाहल चाललेल्या पोत्यातून पसाभर तांदूळ पदरात घेतला.

घरी येऊन तिने ओटीवर दोन थाळ्या मांडल्या. एका थाळीत शेटचा तांदूळ, दुसरीत अंबाजीचा. शेटच्या तांदळातले काळे किडे वेचून मोजून वीस इकडे, वीस तिकडे घातले. दोन्हींवर सुपं पालथी घातली.

“चार वाजता उघडूया,” ती म्हणाली. “मग तुम्ही म्हनाल तसं.”

येसूबाई भिंतीला टेकून बसली ती हललीच नाही. तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. दुपारभर एकेक बाई येऊन बसत गेली. मैना पहिल्या ओळीत, अर्थात. पाऊस पागोळ्यांतून पडत होता. एका सुपाखालून बारीक खसखस येत होती. दुसऱ्या सुपाखालीही तशीच येत होती. मग दोन-अडीचच्या सुमारास दुसरीकडची कमी होत गेली. बायकांनी बोलणं थांबवलं. पागोळ्यांच्या आवाजातही प्रत्येकीचा कान त्या सुपाकडे लागलेला. आयुष्यात पहिल्यांदा सगळी आळी नीराबाईसारखी बसली होती, मान कलती करून. साडेतीनला दुसऱ्या सुपाखाली काहीच ऐकू येईना.

“गेला,” मैना पुटपुटली. कोण गेला ते तिला कुणी विचारलं नाही.

चार वाजता नीराबाईने पहिलं सूप उचललं. किडे काठावरून भराभर बाहेर पडले आणि दोन मैनाच्या लुगड्यात शिरले. तिने जी किंकाळी फोडली ती बंदरापर्यंत गेली. मग दुसरं सूप. वीसच्या वीस किडे पांढऱ्या तांदळावर उताणे पडले होते, पाय वर. एकाचा पाय अजून थरथरत होता. सगळ्यांच्या देखत तोही थांबला.

येसूबाईने थाळी जवळ ओढून पाहिली. मग तिने आवाज खाली आणून विचारलं, “विहीणबाय, खरं सांगा. त्यानं सांगलं तुम्हाला?”

“त्यानं सांगलं असतं,” नीराबाई म्हणाली, “तर आधी त्याला इचारलं असतं, तू कुठं हायस म्हनून.”

अंबाजीला बोलावलं. थाळी पाहून त्याने टोपी काढून हातात घेतली आणि सगळं सांगून टाकलं. जूनमध्ये मलेरियाचे फवारेवाले गावात आले होते, त्यांनी त्याच्या पडवीत सामान ठेवलं होतं. भिंतीवर फवारा मारला की डास पडतात, झुरळं पडतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. फवाऱ्यात कालवायची ती पांढरी पावडर. घरोघरी तांदळाला चोळतात त्या बोरिक पावडरीसारखीच पांढरी. त्याने त्यांच्या नकळत दोन ओंजळी काढून घेतल्या, श्रावण लागताना तीन पोत्यांत मिसळल्या, उरलेली गुळाच्या ढेपेभोवती आणि फळ्यांवर टाकली.

“आनि तुम्ही काय खाता घरी?” येसूबाईने विचारलं.

“तोच,” अंबाजी म्हणाला. “बायको चार दिस उलट्या काढते. आमाला वाटलं, गोड बातमी हाय.”

हसावं की नाही ते कुणाला कळेना. मैनाला कळलं, पण तिच्या लुगड्यात अजून एक किडा होता.

अंबाजीची बायको गोड बातमीशिवायच बरी झाली. तिन्ही पोती, गूळ आणि फळ्यांवरचा माल बंदराच्या पलीकडे खड्डा करून पुरला. येसूबाई त्याच संध्याकाळी भिजत शिवदास शेटकडे गेली आणि बारशाचा तांदूळ स्वतःच्या डोक्यावर घेऊन आली, नीराबाईच्या ओटीवर उतरवून म्हणाली, “ऐका आधी.” सव्वा महिन्याने तुळशीचा नवरा तिला न्यायला आला, वेळेवर.

शेटने नीराबाईला परत बोलावलं. ती गेली नाही. गिऱ्हाईक म्हणून मात्र जाऊ लागली, आणि पोत्यात हात खाली घालायला सांगू लागली. बाया आपापल्या घरचा तांदूळ तिच्याकडे ऐकायला आणू लागल्या, आणि जाताना दबक्या आवाजात विचारायच्या, आज तो काय म्हणाला. ती हसून सूप हातात घ्यायची. उत्तर देत नसे, म्हणून गोष्ट मेली नाही. उलट आता सदा गावाचा राखणदार झाला.

पोत्यात सदा नव्हता. सोंडकिडे होते. तांदळाचा दाणा आतून पोखरताना ते आवाज करतात, आणि कोठार शांत असलं तर तो आवाज कानाला ऐकू येतो. मैनाने पाहिलं त्या दिवशी नीराबाई सदाचाच आवाज ऐकू येतो का ते बघत होती. तो आला नाही. पुढे कधीही आला नाही.