कर्ता कोण होता

माझा मुलगा मेला तेव्हा मी रडले नाही. चाळिशीला आला होता आणि त्यातली निम्मी वर्षं दारूत गेली होती. तिरडी उचलताना एक खांदेकरी म्हणाला, "काहीच वजन न्हाई की." खरंच नव्हतं. शेवटी शेवटी तो जेवतच नव्हता.

तेराव्याला अंगणवाडीतल्या बाईनं सुनेला सांगितलं, की घर गरिबाच्या यादीत असलं आणि घरातला कर्ता माणूस साठीच्या आत गेला, तर सरकार वीस हजार देतं. सून त्याच आठवड्यात धारूरला तहसिलात गेली. मृत्यूचा दाखला, आधार, रेशनकार्ड, फोटो, सगळं तिनं एकटीनं जमवलं आणि अर्ज दिला. तिला शेळ्या घ्यायच्या होत्या. शेळ्या आल्या असत्या तर दिवाळीनंतर ऊस तोडायला जावं लागलं नसतं.

सव्विसाव्या वर्षी तिची गर्भाची पिशवी काढली. तेव्हापासून मोळी डोक्यावर घेतली की तिची कंबर धरते. मी टोळीबरोबर जायचे तेव्हा डोळ्यांनी बघितलंय. उसाच्या सरीत पाच मिनिटं आडवी पडायची, उठायची, परत मोळी. नवरा कुठं होता म्हणाल, तर ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत पहिलं नाव नवऱ्याचं. आमच्या कोयत्याचं पहिलं नाव ट्रॅक्टरच्या सावलीत झोपलेलं असायचं.

महिनाभरानं तलाठी चौकशीला आला. पंच म्हणून शेजारी आणि माझा चुलत दीर, दोघं बाजेवर बसले. सून आत चहा टाकत होती. तलाठी माणूस बरा होता. त्यानं आपल्या मनानंच सगळं लिहून काढलं आणि कागद माझ्यापुढं धरला.

"मावशी, इथं अंगठा करा."

"अंगठा कावून? चौथी शिकलेय मी."

माझा बाप गेला तेव्हा भावानं रेशनचा कागद म्हणून माझी सही घेतली होती. तो हक्कसोडीचा निघाला. माझ्या वाट्याची जमीन त्या सहीबरोबर गेली. तेव्हापासून मी ओळीखाली बोट ठेवून वाचल्याशिवाय सही करत नाही. वाचलं. लिहिलं होतं, 'मयत हा कुटुंबाचा कर्ता व कमावता पुरुष होता. त्याच्या कष्टावर घर चालत होते.'

"हे खोटं हाय," मी म्हणाले.

"मावशी, तसंच लिवावं लागतंय. कर्ता मेला तरच पैसे येतेत."

"मग न्हाई मेला कर्ता. कर्ती जिती हाय. आत चहा करतीय बघा."

चुलत दीर मांडी थोपटून हसला. "वहिनी, मग तीच मेली असती तर वीस हजार आले असते की!"

सगळे हसले. तलाठीही हसला. सून चहाचे कप घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "आत्याबाई, करा सही. पाया पडते तुमच्या."

सही केली नाही तर काय होईल ते मला कळत होतं. कळत नव्हतं असं मी कधी म्हणणार नाही. पण तो जिवंत होता तोवर त्याला कुणी कर्ता म्हटलं नव्हतं. आता मेल्यावर सरकार त्याला कर्ता करणार, तेही तिच्या घामावर, आणि खाली सही माझी. एकदा खोट्या कागदावर सही करून बसले होते. दुसऱ्यांदा करायची नव्हती.

तलाठी कंटाळला. "मग खरं काय ते सांगा. तेच लिवतो."

"दारू पीत व्हता. काम करत नव्हता. घर सून चालवती."

त्यानं नवा कागद काढून तसंच लिहिलं. मी वाचलं. काना-मात्रा सगळं बरोबर होतं. आडनावासकट सही केली. सुनेनं चहा तसाच आत नेला. कुणालाच दिला नाही.

दसऱ्याच्या आधी तहसिलातून पत्र आलं. मयत कुटुंबाचा कर्ता नसल्यामुळे अर्ज नामंजूर. सुनेला वाचता येतं. तरी तिनं पत्र माझ्यापुढं टाकलं.

"वाचा. लई आवडतंय ना वाचायला."

मी वाचलं. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी मात्र वेळेवर वाढायची.

मग मुकादम टोळी जमवायला आला. सुनेला म्हणाला, "बाई, तू कामाला चांगली हायेस. पण अर्धा कोयता मी नेत न्हाई. जोडी पायजे."

"हाय की जोडी." तिनं माझ्याकडं बोट केलं.

मुकादमानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हिला फडात न्यायचं का फडात पुरायचं?"

"कुठं बी पुरा. ही काय कर्ती न्हाई. मेली तरी सरकार काही देणार न्हाई."

तो हसत सुटला. मला हसू आलं नाही, पण ती खोटं बोलली असंही नाही. मी म्हणाले, मोळ्या बांधीन, उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करीन, डोक्यावर घेणं जमायचं नाही. म्हणजे ओझं पुन्हा तिच्याच डोक्यावर. तिनं ते ऐकलं आणि होय म्हणून मान हलवली.

मुकादमानं वही काढली. "पयलं नाव कुणाचं टाकू?"

"माझं," सून म्हणाली.

त्यानं लिहिलं. सुनेनं वही माझ्या मांडीवर ठेवली आणि पेन दिला.

"वाचून घ्या, आत्याबाई. पुन्हा म्हनाल खोटं हाय."

मी बोट ठेवून वाचलं. पहिलं नाव तिचं, खाली माझं. सही केली.